पेशींचे गणगोत

मुंबईतली तळी आज बहुतेक नावांपुरती उरली आहेत. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक. पाणी कधीच बुजले, वर रस्ते आले, बसथांबे आले. १८४०च्या दशकात मात्र अशा तळ्यांवर शहराची तहान भागत होती, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला हेन्री जॉन कार्टर नावाचा एक सर्जन मुंबईच्या तळ्यांतला एक अगदी बेताचा जीव सूक्ष्मदर्शकाखाली धरून बसला होता. तो जीव म्हणजे गोड्या पाण्यातला स्पंज.

बुडालेल्या काटकीवर किंवा दगडावर चढलेला हिरवट-करडा, खरखरीत थर, एवढेच त्याचे रूप. दाबला की चुरतो, आणि कुबट वास येतो. शेवाळ समजून माणूस पुढे निघून जातो. उन्हाळ्यात पाणी ओसरून काठ उघडा पडला की हा थर वाळतो, मरतो, आणि मागे मोहरीहूनही बारीक पिवळसर दाणे उरतात. पावसाळ्यात तळे भरले की त्या दाण्यांतून पेशी सरपटत बाहेर येतात आणि नवा स्पंज वाढू लागतो. कार्टरच्या काळी याला वनस्पती म्हणावे की प्राणी, हाच वाद मिटलेला नव्हता. मुंबईच्या स्पंजांवरचा त्याचा निबंध १८४८ साली विलायतेत छापून आला, त्यात तो प्राणी असल्याच्या बाजूने उभा राहिला. पुढे १८५७मध्ये त्याने पाण्यात कार्मिनचे लाल कण सोडून ते स्पंजाच्या अंगात कुठवर जातात ते पाहिले. कण आतल्या बारीक गोल कप्प्यांत पोचत होते, आणि कप्प्यांच्या भिंतीत बसलेल्या पेशी ते गिळत होत्या. आपल्याकडच्या तळ्यांत सर्रास आढळणाऱ्या एका जातीच्या नावात आज कार्टर आहे: युनापियस कार्टेरी.

मला त्याचे मोठेपण वाटते ते त्याच्या प्रश्नात. हा प्राणी काय खातो, असे कुणीही विचारले असते. त्यातली नेमकी कोणती पेशी खाते, हे त्याने विचारले. संपूर्ण प्राण्याऐवजी त्यातल्या एका जातीच्या पेशीकडे बघायचे, तिचा स्वभाव ओळखायचा, तिची सोयरीक शोधायची, ही वाट तिथून पुढे बरीच लांब गेली आहे.

त्या गिळणाऱ्या पेशीला आपल्या शाळेच्या पुस्तकांत ‘कॉलर पेशी’ म्हणतात. एका मिलिमीटरवर दोनशेहून अधिक मावतील, एवढी ती लहान. अंग अंडाकृती. एका टोकाला एक लांब कशाभिका, म्हणजे सतत वळवळणारा चाबूक. त्याच्या मुळाभोवती तीस-चाळीस अतिसूक्ष्म बोटे गोलाकार उभी, तीच कॉलर. चाबूक हलतो तसे पाणी कॉलरच्या फटींतून ओढले जाते, पाण्यातले जिवाणू बोटांच्या बाहेरच्या अंगाला अडकतात, खाली घसरतात आणि पेशीच्या पोटात जातात. स्पंजाच्या कप्प्यात अशा कित्येक पेशी आतल्या बाजूला तोंड करून बसलेल्या असतात, आणि त्यांच्या एकत्र वळवळीवर त्या न हलणाऱ्या जिवाचा सगळा संसार चालतो.

आता गंमत अशी, की हीच पेशी तळ्याच्या आणि समुद्राच्या पाण्यात सुटीही सापडते. तसाच चाबूक, तशीच कॉलर, पण शरीर नाही, शेजारी नाही, एकटी जगणारी. त्या एकपेशीय जिवांना कोअॅनोफ्लॅजेलेट म्हणतात. अमेरिकेतल्या हेन्री जेम्स-क्लार्कने १८६६-६७मध्ये हे साम्य दाखवून दिले आणि स्पंज म्हणजे अशा सुट्या जिवांचीच वस्ती, असे मत मांडले. त्याला दुजोरा देणाऱ्यांत कार्टर होता. तोवर मुंबई सोडून तो इंग्लंडात डेव्हनच्या किनाऱ्यावर परतला होता. १८७१च्या एका निबंधात त्याने जेम्स-क्लार्कचे निरीक्षण बरोबर असल्याचे नोंदवले.

त्यानंतर दीडशे वर्षे ही कथा फार सुरेख वाटत आली. एकट्या कॉलर पेशी एकत्र आल्या, स्पंज झाला, प्राण्यांची सृष्टी सुरू झाली. तिला जनुकांचा आधारही मिळाला. २००८ साली एका कोअॅनोफ्लॅजेलेटचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, तेव्हा पेशीला पेशी चिकटवणाऱ्या प्रथिनांची जनुके त्या एकट्या जिवातही निघाली. जीवशास्त्रज्ञ निकोल किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये दाखवले, की साल्पिन्जीका रोझेटा नावाची एक जात एरवी सुटी राहते, पण ठरावीक जिवाणूचा एक स्निग्ध पदार्थ पाण्यात असला की ती विभागते आणि लेकी आईपासून सुट्या होत नाहीत. गुलाबासारखा गोल घोस तयार होतो. प्राण्यांच्या सगळ्यांत जवळच्या एकपेशीय भावकीत एकत्र राहण्याची तयारी आधीपासून होती, एवढे यातून नक्की झाले.

पण सुरेख कथेला ठेच लागते ती अशा वेळी. २०१९ साली ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने ग्रेट बॅरियर रीफवरच्या एका स्पंजातल्या वेगवेगळ्या पेशी निवडून, कोणत्या पेशीत कोणती जनुके जागी आहेत, हे पाहिले. रूप एवढे जुळते तर कॉलर पेशीत जुनी, प्राण्यांच्याही आधीची जनुके जास्त जागी असायला हवीत. निघाले उलटेच. कॉलर पेशीत स्पंजांची स्वतःची, नंतरची जनुके जास्त. आणि स्पंजाच्या गाभ्यात अमीबासारख्या हिंडणाऱ्या ज्या आर्किओसाइट पेशी असतात, त्यांच्यात जुनी जनुके जास्त. या आर्किओसाइट स्पंजात काहीही होऊ शकतात. हवे तेव्हा कॉलर पेशी होतात, हवे तेव्हा कवच करणारी पेशी होतात, आणि कॉलर पेशीही पुन्हा आर्किओसाइट होऊ शकते. मग प्राण्यांची पहिली पेशी ही ठरावीक रूपाची नसून रूपे पालटणारी असावी, असे या गटाचे म्हणणे. वाद मिटलेला नाही, आणि तो लवकर मिटेल असे मला वाटतही नाही. पण रूपावरून नाते ठरवायची आपली सवय किती धोक्याची, हे या एका प्रयोगाने जसे दाखवले तसे शंभर व्याख्यानांनी दाखवले नसते.

रूपे पालटण्याची ही कल्पना मुळात जुनी आहे. झाख्वात्किन या सोव्हिएत प्राणिशास्त्रज्ञाने ती १९४९ सालीच मांडली होती, आणि मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. एकपेशीय जीव आयुष्यभर एकाच रूपात राहत नाही. एका गोगलगाईच्या अंगात सापडणारा कॅप्सास्पोरा घ्या. तो कधी लांब धाग्यांनी धरून सरपटतो, कधी इतरांशी जमून गोळा होतो, कधी कवचात मिटून पडतो. एकामागून एक. आता समजा, अशाच एखाद्या जिवाच्या लेकी विभागून एकत्रच राहिल्या आणि प्रत्येक जण वेगळ्या अवस्थेत थांबली. एक सरपटती, एक खाती, एक कवचातली. जे पूर्वी पाळीपाळीने घडत होते ते आता एकाच वेळी, शेजारीशेजारी. तसे असेल तर शरीर म्हणजे एका पेशीच्या आयुष्यातले वेगवेगळे काळ एकाच ठिकाणी नांदत असलेले.

स्पंजाचे शरीर किती सैल विणीचे असते हे एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ साली दाखवले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्थ कॅरोलायनातल्या बोफर्टला ते काम करत. त्यांनी लाल रंगाचा एक जिवंत समुद्री स्पंज बारीक रेशमी कापडातून दाबून गाळला. खाली भांड्यातल्या समुद्राच्या पाण्यात पेशींचा लालसर गढूळ ढग तेवढा उतरला. बहुतेक प्राण्यांची गोष्ट इथे संपली असती. विल्सन बघत राहिले. सुट्या पेशी तळाशी बसल्या, सरपटू लागल्या, भेटेल तिला चिकटत गेल्या; गुठळ्या झाल्या, गुठळ्यांच्या मोठ्या गुठळ्या झाल्या, आणि काही दिवसांनी त्यांत पुन्हा कप्पे, पुन्हा नळ्या, पुन्हा पाण्याचा प्रवाह. गाळून काढलेला स्पंज परत स्पंज झाला. पुढच्या प्रयोगांत दोन जातींच्या पेशी एकत्र मिसळल्या तर त्या आपापल्या जातीच्या निवडून वेगळ्या होतात, हेही दिसले. मी कोण आणि ही कोण, हे त्या पेशींना कळत होते.

आपण कोण, हे पेशीला कसे कळते, या प्रश्नावर विसावे शतक खर्ची पडले. यकृताची पेशी घ्या, त्वचेची घ्या, मेंदूची घ्या, जनुकसंच तोच. फरक पडतो तो कोणती पाने उघडी आणि कोणती मिटलेली, यात. १९८७ साली अमेरिकेत हॅरॉल्ड वाइनट्रॉब यांच्या प्रयोगशाळेत एक जनुक, मायो-डी, उंदराच्या संयोजी ऊतीच्या पेशींत चालू केले गेले आणि त्या पेशी स्नायूच्या पेशी होऊ लागल्या. एक सूत्रधार जागा झाला आणि त्याने पुढची शेकडो जनुके कामाला लावली. आता अनेक जीवशास्त्रज्ञ पेशीची ओळख तिच्या आकारावर किंवा कामावर न ठरवता अशा सूत्रधार प्रथिनांच्या टोळीवर ठरवतात. डेटलेव आरेंट, गुंटर वाग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६मध्ये हा विचार नीट मांडला. टोळी पिढ्यानपिढ्या टिकते, वारशाने उतरते, म्हणून पेशींच्या प्रकारांचीही वंशावळ काढता येते. ही वंशावळ प्राण्यांच्या वंशावळीशी जुळेलच असे नाही. दोन्ही एकमेकींतून आरपार जातात, आणि मला ओढ आहे ती या आरपार जाण्याची.

गेल्या पंधरा वर्षांत ही वंशावळ काढण्याचे साधन हाती आले. प्राणी घ्यायचा, त्याच्या पेशी सुट्या करायच्या आणि एकेकीत कोणते संदेश लिहिले जात आहेत ते वाचायचे. एका वेळी हजारो पेशी. यातली पहिली पायरी विल्सन यांचीच आहे, रेशमी कापडाची जागा विकरांनी घेतली एवढेच. २०२१ साली हायडेलबर्गच्या ईएमबीएल संस्थेत गोड्या पाण्यातल्या स्पंजावर, कार्टरच्या स्पंजाच्या जवळच्या नातलगावर, हा प्रयोग झाला. अठरा प्रकारच्या पेशी मोजल्या गेल्या. त्यांत एक अनोळखी निघाली. ज्या कप्प्यांत कार्टरचे लाल कण पोचले होते तिथेच ती हिंडते, लांब हात पसरून कॉलर पेशींना स्पर्श करते, आणि चेतापेशी संदेश सोडण्यासाठी वापरतात त्यांतली काही जनुके तिच्यात जागी असतात. स्पंजाला मेंदू नाही, मज्जातंतू नाही. तरी बोलणारी कुणीतरी तिथे आहे.

नव्या प्रकारची पेशी जन्मते कशी, याचे एक उत्तर आपल्या गावाकडच्या माणसाला फोडून सांगावे लागणार नाही. एकत्र कुटुंबात एकच कर्ता शेत बघतो, गुरे बघतो, कोर्टकचेरीही बघतो. मग वाटण्या होतात. एका भावाकडे मळा जातो, दुसऱ्याकडे दुकान, आणि दोघांकडे जुन्या घरातले एखादे भांडे उरतेच. पुरातन पेशी अशीच सर्व कामे करणारी होती. उजेड तीच टिपायची, रंगद्रव्य तीच बाळगायची, हालचाल तीच करायची. पुढे तिच्या वंशात वाटण्या झाल्या आणि एकीकडे उजेड, दुसरीकडे रंग गेला. कुठल्याही पेशीकडे बारकाईने बघितले की जुन्या घरातले भांडे सापडते.

याची माझी आवडती कथा डोळ्याची आहे. उजेड टिपणाऱ्या पेशी दोन घडणींच्या असतात. उजेड टिपायचा तर रंगद्रव्य ठेवायला भरपूर पृष्ठभाग लागतो. एकीने तो मिळवला आपल्या लोमकाचा, म्हणजे अंगावरच्या केसासारख्या धाग्याचा, विस्तार करून. आपल्या डोळ्यातल्या दंडपेशी आणि शंकूपेशी या घराण्यातल्या. दुसरीने मिळवला अंगावर बारीक बोटांची गर्दी उभी करून. माशीच्या आणि अष्टपाद सागरी प्राण्यांच्या डोळ्यांत ही दिसते. स्वभावही उलटे. आपली दंडपेशी अंधारात सतत संदेश सोडत असते आणि उजेड पडला की गप्प होते. माशीची पेशी उजेडाने चेतते. कणा असलेल्यांची एक पेशी, कणा नसलेल्यांची दुसरी, अशी सोपी विभागणी मग पुष्कळांनी मनाशी करून टाकली होती.

प्लॅटिनेरिस हा युरोपच्या किनाऱ्यांवर सापडणारा काही सेंटिमीटर लांबीचा समुद्री कृमी. त्याच्या डोळ्यांत अपेक्षेप्रमाणे माशीच्या घराण्यातल्या पेशी आहेत. पण आरेंट आणि सहकाऱ्यांनी २००४ साली त्याच्या मेंदूत, डोळ्यांपासून दूर, आणखी काही पेशी दाखवल्या: लोमक पसरलेल्या, आणि आपल्या दंडपेशींच्या जातीचे उजेड टिपणारे प्रथिन बाळगणाऱ्या. म्हणजे आपली दृष्टी ज्या पेशींवर आहे त्यांची बहीण या कृमीच्या डोक्यात आहे. तिचा उपयोग मात्र बघण्यासाठी नाही. मग कृमी आणि माणूस यांचा जो सामायिक पूर्वज ५५ कोटी वर्षांहून आधी समुद्रात होता, त्याच्याकडे दोन्ही घराणी असणार. तसे असेल तर दुसरे घराणे आपल्यात कुठे गेले?

त्याचा माग बेडकाच्या कातडीतून लागला. १९९८ साली इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि सहकाऱ्यांना बेडकाच्या त्वचेतल्या रंगपेशींत एक अपरिचित प्रथिन सापडले. ते उजेड टिपते, आणि त्याचा बांधा आपल्या दंडपेशीतल्या प्रथिनापेक्षा माशीच्या प्रथिनाशी अधिक जुळतो. त्याचे नाव मेलॅनॉप्सिन. पुढे ते सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलातही मिळाले, पण दंडपेशींत किंवा शंकूपेशींत नाही. ते होते त्यांच्यापुढच्या थरातल्या गुच्छिका पेशींमध्ये, ज्यांचे काम फक्त मेंदूकडे निरोप पोचवणे असे समजले जात होते. २००२ साली सिद्ध झाले, की त्यांतल्या थोड्या पेशी स्वतःच उजेड टिपतात, आणि उजेडात चेततात. माशीसारख्या. चित्र बघण्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवणे, बाहुली आकुंचित करणे, झोपेचे घड्याळ लावणे ही त्यांची कामे. ज्यांच्या दंडपेशी आणि शंकूपेशी रोगाने नष्ट झाल्या आहेत, ज्यांना डोळ्यांपुढचा हातही दिसत नाही, अशा काही अंध व्यक्तींचे दिवस-रात्रीचे चक्र उजेडाबरोबर नीट चालते, कारण या पेशी शाबूत असतात.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. दृष्टिपटल कागदासारखे पातळ. त्यात काही सूक्ष्म अंतरावर दोन पेशी एकमेकींना निरोप देत बसल्या आहेत, एकाच रक्तावर पोसल्या जात आहेत, एकाच गर्भाच्या पेशीपासून आल्या आहेत. तरी एकीची जवळची बहीण कृमीच्या मेंदूत, दुसरीची माशीच्या डोळ्यात. नाते ते कोणते मानायचे? माझा कौल दोन्हीकडे आहे, पण दुसऱ्याकडे जरा झुकलेला. शेजार या जन्मापुरता, वंश फार जुना.

काम सारखे म्हणून नाते धरावे, तर तिथेही फसगत होते. जेलीफिश छत्री मिटत-उघडत पोहते ती पट्टेदार स्नायूंवर. आपल्या दंडातले स्नायूही पट्टेदार. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही एकाच साच्यातले वाटतात. २०१२ साली तपासले गेले तेव्हा कळले, की आपल्या स्नायूतले पट्टे बांधणारी कित्येक महत्त्वाची प्रथिने जेलीफिशकडे नाहीतच. ते पट्टे तिने आपल्या वाटेने मिळवले. चेतापेशींचेही तसेच असावे, अशी शंका टिनोफोरांनी आणली आहे. हे पारदर्शक समुद्री प्राणी अंगावरच्या लोमांच्या आठ ओळी हलवत पोहतात, आणि २०२३मधल्या गुणसूत्रांच्या अभ्यासानुसार प्राण्यांच्या वृक्षावरून सगळ्यांत आधी फुटलेली फांदी त्यांचीच. त्याच वर्षी त्यांच्या पिल्लांच्या मज्जाजाळ्याची बारीक तपासणी झाली. त्यातल्या चेतापेशी एकमेकींपासून सुट्या नव्हत्या. सलग, एकच जाळे. कामिल्लो गोल्जी यांनी आयुष्यभर हेच म्हटले होते, की मज्जासंस्था हे सलग जाळे आहे. सांतियागो रामोन इ काहाल यांनी पेशी सुट्या असल्याचे दाखवले. १९०६चे नोबेल दोघांना मिळून मिळाले, आणि निकाल काहाल यांच्या बाजूने लागला, तो योग्यच होता. पण गोल्जींच्या मनातले जाळे निसर्गात कुठेतरी खरेच होते, हे शतकाने कळावे, याचा मला त्यांच्यासाठी आनंद होतो.

दंशपेशीची गोष्ट वेगळ्या कारणाने मनात राहिली. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर निळे ब्लूबॉटल वाहून येतात. वाळूत मेल्यासारखे पडलेले असले तरी हात लावला की आग होते. कारण दंश प्राणी करत नाही, सुटी पेशी करते. तिच्या पोटात एक कुपी असते, कुपीत वातावरणाच्या दीडशेपट दाब आणि गुंडाळून ठेवलेली पोकळ नळी. हायड्राच्या दंशपेशीत मोजले गेले, तेव्हा ही कुपी फुटायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागत होता. एवढे अजब यंत्र प्राण्यांच्या दुसऱ्या कुठल्याही वंशात नाही. ते कुठून आले? लेस्ली बाबोनिस आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली नेमाटोस्टेला या चिमुकल्या समुद्रफुलात एक सूत्रधार जनुक बंद केले. दंशपेशी व्हायच्या जागी चेतापेशी झाल्या. म्हणजे दंशपेशी ही मुळात चेतापेशीच्या वाटेवरची, आणि त्या जनुकाचे काम तिच्यातली चेतापेशी दाबून ठेवण्याचे. नव्या पेशीला नवे अंग मिळवावे लागते तसेच जुन्या ओळखीला आवरूनही धरावे लागते. जुनी ओळख मेलेली नसते. ती करोडो वर्षे दारामागे उभी असते.

आता शेवटची, आपल्या अगदी घरातली.

१८८२ साली इटलीत मेसिनाला इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती हिंडत्या पेशींची गर्दी झालेली होती. त्या काट्याला वेढा घालून बसल्या होत्या. परक्याला ओळखायचे आणि घेरायचे, हा पेशींचा फार पुरातन धर्म. आपली जखम लाल होऊन ठणकते ती त्याच धर्माने. आणि गर्भ म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने निम्मा परका. तो आत टिकतो कसा?

ओपोसम हा दक्षिण अमेरिकेतला लहानसा शिशुधान प्राणी. त्याची गर्भधारणा दोन आठवड्यांची. त्यांतले बहुतेक दिवस गर्भ पातळ कवचात असतो. शेवटी कवच विरते, गर्भ गर्भाशयाला चिकटतो, आणि तिथे जखमेसारखा दाह सुरू होतो. पुढच्या काही दिवसांतच पिल्लू बाहेर पडते. म्हणजे परक्याला हाकलण्याची जुनी रीत तिथे अजून चालू आहे. वाग्नर यांच्या गटाने ओपोसमच्या गर्भाशयातल्या साध्या तंतुपेशी घेऊन त्यांना गर्भधारणेची संप्रेरके दिली. त्या पेशी तणावाखाली आल्यासारख्या वागल्या. तीच संप्रेरके स्त्रीच्या गर्भाशयातल्या तशाच तंतुपेशींना मिळतात, तेव्हा लांबोडक्या पेशी गोलसर, भरीव होतात, साखर साठवतात, आणि दाह आवरून धरतात. ही निर्णायक पेशी. गर्भाला आत येऊ द्यायचे पण कुठवर, हे ती ठरवते. २०१८ साली त्यांनी मांडले, की ही पेशी त्या तणावातूनच घडली: तणावात जागी होणारी जनुके तीच, फक्त शेवट वेगळा. वार असलेल्या सस्तन प्राण्यांच्या वंशात, दहा कोटी वर्षांहून आधी, दुखण्याची एक प्रतिक्रिया जपण्याच्या कामी लागली. नऊ महिने पोटात वाढलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाचे आयुष्य तिच्यावर उभे आहे.

उंदरात ही पेशी गर्भ आल्यावरच तयार होते. स्त्रीमध्ये ती गर्भाची वाट पाहत नाही, दर महिन्याला आधीच तयार होते. गर्भ आला नाही, संप्रेरक उतरले, की ते सगळे तयार अस्तर गळून पडते. त्यालाच पाळी म्हणतात. आमच्या आजीच्या घरात ‘कावळा शिवला’ म्हणत, आणि त्या दिवसांत बायका माजघराबाहेर, वेगळ्या ताट-वाटीला. मला आज त्याचा राग येतो तो केवळ अन्यायासाठी नाही. प्राणिसृष्टीने जी सर्वांत समजूतदार पेशी घडवली असेल, तिचे दर महिन्याला दर्शन ज्या घरात होते तिथे तिला विटाळ म्हटले गेले, याचा येतो. आणि अजूनही कितीतरी घरांत म्हटले जाते.

पाळी येणारे प्राणी मोजके आहेत. माणूस आणि काही वानरे, हत्ती-चिचुंदरी, काही वटवाघळे. नागपूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ए. गोपालकृष्ण यांनी कित्येक दशके भारतीय वटवाघळांच्या गर्भधारणेचा आणि वारेचा अभ्यास केला. आपल्याकडे या विषयाची वाट त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाडली. महाराष्ट्रातल्या गुहांत राहणाऱ्या फळवाघळाच्या जातीतही, रूसेटसमध्ये, पाळी येते, ही नोंद २००७ सालची. हे वंश एकमेकांपासून इतके दूर, की ही रीत प्रत्येकात वेगळीच सुरू झाली असणार. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदराला पाळी येत नाही, म्हणून गर्भाशयाच्या अस्तराचे आजार, जे असंख्य बायका वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसतात, उंदरावर अभ्यासणे फार अवघड होते. २०१७ साली ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठातल्या गटाला काटेरी उंदीर म्हणवल्या जाणाऱ्या एका जातीच्या मादीमध्ये नैसर्गिक पाळी आढळली. तिचे चक्र साधारण नऊ दिवसांचे असते, आणि आता त्या आजारांवरचे प्रयोग तिच्या मदतीने करता येतात.